आजोबांचा डबा आणि मुदत ठेव

प्रश्न : मी साताऱ्याचा. आजोबांच्या ट्रंकेत पत्र्याचा डबा सापडला. त्यात चांदीचे ३१ रुपये आहेत : १२ राणीछाप, १४ पंचम जॉर्जचे, ५ सहाव्या जॉर्जचे. शिवाय भोकाचे पैसे आणि काही तांब्याच्या शिवराया. एका राणीछापाला कडी डाकल्याची खूण आहे. निम्मे रुपये आईनं लक्ष्मीपूजनाच्या आधी चिंचेनं घासून लख्ख केले. तेव्हापासून मला नाण्यांचा नाद लागलाय. पुढच्या महिन्यात तीन लाखांच्या मुदत ठेवीची मुदत संपतेय, ती रक्कम नाण्यांत घालावी असं वाटतं. एक विक्रेता १९३९ चा रुपया चाळीस हजारांना देतो म्हणतोय, वर सर्टिफिकेट आणि ‘पाच वर्षांत दुप्पट’. बायको म्हणते, नाद वेगळा आणि गुंतवणूक वेगळी. अमेरिकेतला भाऊ डब्यातले चार रुपये मागतोय. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला यात खूप रस आहे. काय करू?

उत्तर : नाद सोडू नका. मुदत ठेवीचे तीन लाख मात्र त्यात घालू नका, आणि १९३९ च्या रुपयासाठी आज कुणालाही एक पैसा पाठवू नका. तुमच्या पत्नीचं म्हणणं बरोबर आहे. ते का, ते तुमच्याच डब्यावरून सांगतो, कारण या विषयातलं जवळजवळ सगळं त्या ३१ रुपयांत आहे.

कलदार, म्हणजे इंग्रजी अमदानीत यंत्रावर पाडलेल्या, रुपयाचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. १८३५ पासून १९३९ पर्यंत त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी असायची, म्हणजे रुपयामागे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. उरलेल्यात ४० टक्के तांबं आणि निकेल व जस्त पाच-पाच टक्के. त्या रुपयात शुद्ध चांदी भरते ५.८३ ग्रॅम. तुमचे राणीछाप आणि पंचम जॉर्जचे मिळून २६ रुपये म्हणजे साधारण २७८ ग्रॅम, आणि सहाव्या जॉर्जचे पाचही १९४० नंतरचे धरले तर त्यांची २९ ग्रॅम. बेरीज ३०७ ग्रॅम. हातोहात फिरून नाणी झिजलेली असतात, म्हणून दोन-तीन टक्के कमी धरा आणि त्याला त्या दिवसाच्या चांदीच्या दरानं गुणा. दर ग्रॅमला १०० रुपये धरला तर तीस हजारांच्या आसपास रक्कम येईल. प्रत्यक्ष दर तुम्ही घाला. हा तुमच्या डब्याचा तळ, म्हणजे नुसत्या चांदीची किंमत. सराफाकडे नेलेत तर तो टंच (शुद्धता) आणि घट धरून यातूनही काही कापेल, कारण त्याच्या लेखी ती आटवायची चांदी आहे. राणी कोण आणि साल कुठलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

या तळाच्या वर जे काही मिळतं ते संग्राहक देतो. तो वयासाठी पैसे देत नाही, इथेच बहुतेकांची गफलत होते. नाणं जुनं आहे म्हणून ते दुर्मीळ ठरत नाही. तुमच्या राणीछापांपैकी काहींवर १८६२ हे साल बहुधा असेल, कारण १८६२ चा साचा १८७४ पर्यंत तेच साल घेऊन चालू होता. बारा वर्षांचे रुपये एकाच सालाखाली पडलेत. अभ्यासक त्यांच्यातला फरक मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून लावतात. पंचम जॉर्जच्या १४ मध्ये १९१८ चा रुपया निघाला तर आनंद जरूर माना, पण त्या एका वर्षात मुंबई आणि कलकत्ता या दोन टांकसाळींनी मिळून चाळीस कोटींवर रुपये पाडले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीचा तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकेनं पिटमन कायदा केला आणि आपले पंचवीस कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी ब्रिटिशांना विकली. मुलीला हे जरूर सांगा : साताऱ्यातल्या डब्यातल्या एखाद्या रुपयात अमेरिकेच्या डॉलरची चांदी असू शकते. ही गोष्ट मोलाची आहे, बाजारात मात्र तिचे जादा पैसे येत नाहीत.

उलट उदाहरण १९११ च्या रुपयाचं. पंचम जॉर्जच्या झग्यावर एक बारीकसा हत्ती आहे. १९११ च्या साच्यात त्याची सोंड इतकी आखूड उठली की तो डुकरासारखा दिसायला लागला. लोकांत कुरबुर झाली, टांकसाळीनं नाणी मागे घेतली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. म्हणून १९११ ला मागणी आहे. दहा पटीचं भिंग घ्या आणि राजाच्या छातीवर उजेड तिरपा पाडून तुमचे चौदा एकेक करून बघा. असा एखादा निघाला तर तो वेगळा काढून ठेवा.

सालाइतकीच, कित्येकदा त्याहून जास्त, नाण्याची अवस्था किंमत ठरवते. झीज आधी उंच भागांवर येते : राजाचा कान, भुवई, मुकुटावरचे मणी, राणीच्या कपाळावरचे केस. या रेघा करकरीत असतील आणि सपाट भागावर टांकसाळीतली मूळ झळाळी असेल, तर तेच साल साध्या झिजलेल्या रुपयाच्या कित्येक पट जातं. आता चिंचेबद्दल. आईंना दोष देऊ नका, घरोघरी हेच होतं. पण चिंचेतलं आम्ल काळपट थर तर काढतंच, जाताना वरची धातूही थोडी खातं, आणि घासताना हजारो बारीक ओरखडे पडतात. भिंगाखाली ते एका दिशेनं गेलेल्या केसांसारखे दिसतात. गेलेली झळाळी परत येत नाही. असं नाणं जाणकार लगेच ओळखतो आणि भाव पाडतो. त्यांच्यावर आता आणखी उपाय करू नका. फक्त उरलेलं आम्ल जावं म्हणून डिस्टिल्ड वॉटरमधून बुडवून काढा, मऊ सुती कापडावर ठेवून टिपा, पुसू नका. यातलेच दोन-तीन रुपये कायमचे पूजेचे म्हणून देवघरात द्या. हळदकुंकू त्यांनाच लागू दे. बाकीच्यांना इथून पुढे चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यातलं काहीही लागता कामा नये. कडी डाकलेला राणीछापही तसाच ठेवा. डाक काढायचा प्रयत्न केला की खूण आणखी मोठी होते.

ठेवण्याबद्दल एकच गोष्ट पक्की लक्षात घ्या : स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे मऊ, वास येणारे प्लॅस्टिकचे अल्बम घेऊ नका. ते पीव्हीसीचे असतात. काही वर्षांत त्यातून आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. पावसाळ्यात हे लवकर होतं. मायलारचे (पारदर्शक पॉलिएस्टरचे) पाकीट, पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर किंवा कडक प्लॅस्टिकच्या कॅप्सूल घ्या, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पावसाळ्याआधी बदला. नाणं नेहमी कडेनं धरा, खाली टॉवेल पसरून. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल तर हेही माहीत असू द्या की आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपुरती असते.

तुमचे रुपये खरे आहेत की नाहीत, हे घरी तपासता येतं. पूर्वी बंदा रुपया दगडावर वाजवून घेत. तसं करू नका, कडेला मार बसतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. आधी नुसतं वजन : ११.६६, झिजलेला असेल तर ११.४ ते ११.६. मग काट्यावर अर्धी वाटी पाणी ठेवून आकडा शून्यावर आणा. रुपयाला बारीक दोऱ्याचा फास घाला आणि तो पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा धरा. काट्यावर जो आकडा येतो तो नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचा. जुना ११.६६ ग्रॅमचा चांदीचा रुपया १.१३ च्या आसपास दाखवतो, १९४० नंतरचा १.२२, आणि जर्मन सिल्व्हरवर (तांबं, निकेल, जस्ताचा मिश्रधातू, यात चांदी नसते) मुलामा दिलेला नकली १.३४ च्या घरात जातो. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा आकडा बिघडवतो, म्हणून हळूच हलवून तो घालवा आणि तीनदा मोजा. लोहचुंबकावर विसंबू नका. जर्मन सिल्व्हरही त्याला चिकटत नाही, आणि १९४७ चा वाघाचा रुपया शुद्ध निकेलचा असल्यानं खरा असूनही चिकटतो. मग कड बघा : ओतीव नकलेत दात्यांवरून आडवी शिवण जाते, अक्षरांच्या कडा गोलसर असतात, सपाट भागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. ठोकलेल्या खऱ्या नाण्यावर अक्षरं पृष्ठभागातून सरळ उभी राहतात.

हे सगळं हाताखालून गेल्याशिवाय १९३९ कडे वळूच नका. मुंबई टांकसाळीचा १९३९ चा रुपया खरोखर दुर्मीळ आहे, म्हणूनच त्याच्या नकला अमाप आहेत. तो जुन्या चांदीचा असायला हवा, म्हणजे पाण्यात १.१३. सालातला शेवटचा ९ भिंगातून बघा : बाजूच्या आकड्यांइतकाच उंच आहे का, त्याच्याभोवती धातू कोरल्याची किंवा डाकल्याची खूण आहे का. पण वजन आणि धातू जुळले तरी नाणं खरंच आहे असं सिद्ध होत नाही, कारण चांगल्या नकला चांदीतच केल्या जातात. आणि सर्टिफिकेट कुणाचं? विक्रेत्यानं स्वतःच छापलेला कागद हा कागदच. एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकी कंपन्यांनी सीलबंद केलेलं नाणं असेल तर डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून फोटो जुळवून बघा, कारण डब्यांच्याही नकला निघतात. विक्रेता पक्कं बिल, त्यावर नाण्याचं नीट वर्णन, आणि नकली ठरल्यास पैसे परत असं लेखी द्यायला तयार नसेल, तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

आता ‘पाच वर्षांत दुप्पट’. हिशेब असा. समजा एक नाणं तुम्ही दहा हजारांना घेतलंत. दुसऱ्या दिवशी पैशांची गरज पडली आणि दुसऱ्या दुकानदाराकडे नेलंत. त्याला त्यावर नफा काढायचा आहे, ते किती दिवस पडून राहील कुणास ठाऊक, म्हणून तो सात हजार म्हणतो. फसवणूक नाही, धंदा आहे. म्हणजे नुसती मुद्दल सुटायलाही भाव ४३ टक्के वर जायला हवा. दर साल आठ टक्क्यांनी वाढला तरी त्याला जवळजवळ पाच वर्षं लागतात. तेवढ्या वेळात मुदत ठेवीनं व्याज दिलं असतं. लिलावात दिलंत तर घेणारा बोलीवर प्रीमियम भरतो, तुमच्याकडून कमिशन कापलं जातं, आणि पैसे हाती यायला काही महिने जातात. नाणं मधल्या काळात व्याज देत नाही, लाभांश देत नाही. घरात आजारपण आलं तर तीन लाखांच्या नाण्यांचे एका आठवड्यात पैसे होत नाहीत, झाले तर मातीमोल भावानं होतात. म्हणून ही रक्कम नाण्यांत नको. चांदीचा भाव वाढेल असं खरंच वाटत असेल तर चांदीच घ्या, सिल्व्हर ईटीएफमधून, म्हणजे शेअर बाजारात मिळणाऱ्या चांदीच्या फंडातून. तिथे खरेदी-विक्रीतली तफावत किरकोळ असते आणि खरं-खोटं तपासावं लागत नाही.

नाण्यांत कुणी कमावतच नाही असं आम्ही म्हणणार नाही. कमावतात ते वर्षानुवर्षं एकच छोटा प्रांत धरून बसलेले लोक. कुणी फक्त अंकुशी (अंकुशाची खूण असलेले मराठेशाहीतले) रुपये, कुणी फक्त राणीछापांचे साचे, कुणी पोर्तुगीज गोव्याचे रुपिया. दुकानदाराला जो फरक दिसला नाही तो त्यांना दिसतो, आणि नफा त्या फरकात असतो. त्यांनी आधी डोळा कमावला, पैसा मागून आला. तुमचा डोळा अजून तयार व्हायचाय, आणि तो तीन लाख घालून पटकन तयार होत नाही.

स्मारक नाण्यांच्या चकचकीत संचांबद्दलही हेच. सरकारी टांकसाळींचे संच खरे असतात, सुंदर असतात, आवडला तर जरूर घ्या. पण ४४ मिलिमीटरच्या, ३५ ग्रॅमच्या नाण्यात चांदी निम्मीच, म्हणजे १७.५ ग्रॅम असते. त्या आकड्याला दरानं गुणून मग संचाची किंमत बघा. २०१२ चं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखांना घेतो म्हणणारे व्हिडिओ तर सोडूनच द्या. ते आधी नोंदणी शुल्क किंवा कर भरायला लावतात, मग गायब होतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलं आहे की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कुठलंही शुल्क घेत नाही.

भावाला रुपये पाठवू नका. शंभर वर्षांपूर्वीचं कुठलंही नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. राणीछाप सगळे त्यात बसतात, पंचम जॉर्जच्या रुपयांची सालं बघाल तर तेही बसतात. भावाच्या बॅगेत सापडले तर त्रास त्याला होईल. त्याच्या वाटणीचे चार वेगळ्या पाकिटात, त्याचं नाव लिहून, इथेच ठेवा. ‘शेतात सापडलं’ म्हणून कुणी शिवराया किंवा होन विकायला आणले तर तेही घेऊ नका. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, १८७८ पासून तसा कायदा आहे. पुढे कधी विकायचं ठरलं तर करासाठी आजोबांचा मालकीकाळही मोजला जातो. तेव्हा सीएंना विचारा.

नादाला महिन्याला दीड हजार बांधून द्या आणि ते सिनेमा-प्रवासासारखे खर्चात लिहा. पहिल्या महिन्याचे पैसे भिंग आणि काट्यावर जाऊ द्या, दुसऱ्या महिन्याचे होल्डरांवर. पहिलं नाणं तिसऱ्या महिन्यात. दरम्यान बघायला जा : मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणे-संग्रहालय आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. तुमच्या शिवराया तशाच, माती न खरवडता, सोबत न्या आणि जाणत्याला दाखवा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ तीन ओळींत आणि दुसरीकडे ‘छत्र पति’ दोन ओळींत, एवढं वाचता आलं तरी ती नेमकी कधीची हे अक्षरांच्या वळणावरून आणि वजनावरून ठरतं. नंतरच्या काळात दुदांडी (दोन आडव्या दांड्यांची) शिवराई खूप पडली, डब्यांत बहुधा तीच निघते.

मुलीसाठी मात्र दुसरा संच सुचवतो, कारण तो तिला स्वतःला पुरा करता येईल. १९५० च्या आणेमालेत सातच नाणी आहेत : घोड्याचा पैसा, बैलाचे अर्धा, एक आणि दोन आणे, मग पाव, अर्धा आणि एक रुपया. अर्धा आणा आणि दोन आणे चौकोनी, एक आणा फुलासारख्या कडेचा. साधी साधी नाणी घेतली तर खर्च बेताचा. सोबत घरातल्या सुट्ट्या पैशांत सालाखालची खूण शोधायला लावा : पत्त्यातल्यासारखी चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. भाजीवाल्याकडून आलेल्या चिल्लरमध्ये हा खेळ फुकट आहे.

येत्या रविवारी तिला एक दोनशेपानी वही द्या. प्रत्येक रुपयाला एक क्रमांक, आणि त्यापुढे साल, टांकसाळीची खूण, हवेतलं वजन, पाण्यातला आकडा, घासलेला की न घासलेला, आणि दोन्ही बाजूंचे फोटो. काटा तुम्ही धरा, आकडे तिला लिहू द्या. ३१ ओळी झाल्या की सहाव्या जॉर्जच्या पाचांची सालं पुन्हा बघा. त्यात एखादा १९३८ चा निघाला आणि पाण्यात १.१३ दाखवला, तर वरच्या हिशेबात पाच ग्रॅम चांदी वाढवा, आणि तो रुपया आईंच्या हाती लागणार नाही असा ठेवा.